शीट सत्तेचाळीसवरची पायवाट

"कुठे भिजले पाय?"

डाव्या खांद्यामागून हा आवाज आला की हॉलमधल्या चौदाच्या चौदा जणांचे हात थांबायचे. आवाज मोठा नव्हता. विहिरीत सोडलेल्या दोरासारखा तो हळूहळू उतरायचा आणि तळाला जाऊन टेकायचा. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, नकाशे काढण्याच्या सरकारी खात्यात नुकताच आरेखक म्हणून लागलो होतो आणि तो आवाज आमच्या मोठ्या साहेबांचा होता.

नकाशा तपासायची त्यांची रीत जगावेगळी होती. उजव्या हाताची दोन बोटं ते कागदावर उभी करायचे, माणसाच्या दोन पायांसारखी, आणि ती बोटं चालू लागायची. सपाटीवर भरभर, चढावर दमत दमत, ओढा आला की काठावर थबकून. "इथे पूल नाही दाखवलास? मग भिजले माझे पाय," असं म्हणून ते खरोखर बोटं झटकायचे. ज्याच्या कागदावर साहेबांचे पाय विनाकारण भिजत, त्याने तो कागद पहिल्यापासून काढायचा. खाडाखोड चालत नसे. ब्लेडने शाई खरवडली तर साहेब कागद उजेडासमोर धरत आणि खरवडलेल्या जागेतून आरपार आपल्याकडे बघत. त्या नजरेपेक्षा महिनाभराचं काम परत करणं सोपं होतं.

मला आयुष्यात बढती एकच मिळाली, तीही सगळ्यांना मिळाली तेव्हा. घर बेताचं, गाडी नाही, नाव घ्यावं असा पराक्रम नाही. पण माझ्याकडे एक वाक्य आहे. साहेब निवृत्त झाले त्या समारंभात, सगळ्या खात्यासमोर, माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले होते, "याच्या रेघेवरून मी डोळे मिटून चालेन." लोक भिंतीवर प्रमाणपत्रं लावतात. मी हे वाक्य मनात लावलं आणि रोज पुसत आलो. मुलीच्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा मी ते दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगताना बायकोने पाय दाबला.

गेल्या महिन्यात साहेबांचा फोन आला. वय ब्याऐंशी. आवाज तोच, फक्त दोर थोडा झिजलेला.

"अरे, शीट सत्तेचाळीस आठवते?"

"आठवते की, साहेब."

"खाडीकाठाने निघायचं, दलदलीतून जायचं आणि शिपायांच्या जुन्या ठाण्याच्या पडक्या कमानींपाशी पोचायचं. तुझी ती पायवाट. बोटांनी शंभरदा गेलो असेन. दोन्ही गुडघे अजून माझे स्वतःचे आहेत, तोवर पायांनी एकदा जाऊन येऊ. तू ने मला."

"नेतो ना, साहेब," मी म्हणालो, आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन दोन पेले पाणी प्यायलो.

कारण तिथे पायवाट नव्हती.

पस्तीस वर्षांत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. झालं होतं असं, की शीट सत्तेचाळीस पूर्ण झाली होती. दीड महिन्याचं काम. दलदलीच्या बारीक बारीक आडव्या रेघा, लव्हाळ्यांचे झुपके, ठाण्याच्या पडक्या भिंती, सगळं असं उतरलं होतं की कागदाला ओल येईल की काय वाटावं. फक्त उत्तरेचा बाण राहिला होता. शाईने भरलेलं पेन दौतीच्या काठावर आडवं ठेवून मी चहाला गेलो. परत येऊन बघतो तर दलदलीच्या मधोमध एक टपोरा काळा थेंब, आणि त्याच्या दोन्ही अंगांनी ओळीने शिंतोडे. एका टोकाला पाण्याचा काठ, दुसऱ्या टोकाला ठाणं. पेन माझं, ठेवलं मी, तेव्हा गळलं तेही माझंच. खरवडावं तर ती नजर. मी दार लावून घेतल्यासारखा श्वास बंद केला आणि खाली बसलो. शिंतोड्यांना जरा लांबट केलं. झाली तुटक रेघ. तुटक रेघ म्हणजे पायवाट. टपोऱ्या थेंबाला वर चार फांद्या काढल्या. झालं एकटं झाड. नकाशात एकट्या झाडाला मोठा मान असतो, वाटसरूला खूण म्हणून. संध्याकाळी साहेबांची दोन बोटं त्या वाटेवरून गेली, झाडाखाली क्षणभर थांबली, पलीकडे पोचली. त्यांनी बोटं झटकली नाहीत. सही केली.

त्या दिवसापासून मी लोकांना चिखलात धाडणारा इसम आहे.

बायकोला हे सांगितलं तेव्हा ती पीठ मळत होती. आधी ती गंभीर झाली. मग तिचे खांदे हलायला लागले. मग परात बाजूला सारून, पिठाचे हात वर धरून ती अशी हसली की शेजारच्यांनी भिंतीवर टकटक केली. तिला बोलता बोलता दोन ओळी जुळवायची खोड आहे, आईकडून आलेली. डोळे पुसत ती म्हणाली,

"शाईचा पडला थेंब, थेंबाची झाली वाट,
नवऱ्याची माझ्या बाई, साहेबांशी पडली गाठ."

"हसायची गोष्ट नाही ही," मी म्हणालो.

"मग रडायची आहे का? सांगून टाका की त्यांना."

"आणि त्या वाक्याचं काय करू? डोळे मिटून चालेन म्हणाले होते ते!"

ती थांबली. कणीक पुन्हा पुढे ओढली. "अहो, ब्याऐंशी वर्षांचं माणूस आहे. त्यांना खरोखर डोळे मिटून चिखलात नेणार आहात का तुम्ही? ठाण्याला पोचायच्या आत तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तर मी सांगेन."

ती बोलते तसं करते. लग्नाला एकतीस वर्षं झाली, एकदाही चुकलेली नाही.

यातून सुटायचा एक सभ्य मार्ग मला दिसला. ती वाट नकाशातूनच काढून टाकावी. मग साहेबांना सांगता येईल की वाट अलीकडे बंद झाली. मी जुन्या ऑफिसात गेलो. आता तिथे विभागप्रमुख असलेली मुलगी माझ्याच हाताखाली शिकलेली. तिने उठून खुर्ची दिली, चहा मागवला आणि माझा अर्ज वाचून कपाळाला हात लावला.

"सर, तुमच्या शीटला दुरुस्ती? नव्या मुलांना मी तीच शीट दाखवते, काम कसं असावं म्हणून."

"वाट नसेल तिथे आता," मी म्हणालो.

"नसेल तर पाहणी अहवाल लागेल, जागेवर जाऊन केलेला."

"मग पाठवा कुणाला तरी."

तिने नियमांचं पुस्तक काढलं. दलदलीच्या भागात पाहणी पथकाला फक्त मंजूर मार्गानेच जाता येतं. मंजूर मार्ग कोणता, हे बघायला तिने शीट सत्तेचाळीस उघडली. आम्ही दोघेही त्या तुटक रेघेकडे बघत बसलो.

"म्हणजे वाट नाही हे सिद्ध करायला त्या वाटेने जावं लागेल," मी म्हणालो.

"हो. आणि पथक तिथवर पोचलं, तर अर्थातच वाट आहे," ती म्हणाली. "चहा गार होतोय, सर."

घरी आलो तर जिन्यात शेजारचे काका उभे. त्यांना आमच्या इमारतीत सगळे 'सूचना' म्हणतात, कारण जन्मल्यापासून त्यांनी प्रश्नार्थक वाक्य बोललेलं नाही. भिंत पातळ असल्यामुळे बेत त्यांना ठाऊक होता.

"गमबूट घ्या," ते म्हणाले. "दलदलीत पाय जातो तो घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग पेपरात. दोर घ्या, तीस फूट. शिट्टी घ्या. मीठ घ्या, जळवांना. म्हाताऱ्यांना घडीची खुर्ची घ्या, माझी आहे, देतो. आणि ओहोटीची वेळ बघून निघा."

"तुम्ही गेला आहात का कधी?"

"मी कशाला जाऊ?" त्यांनी दुखावल्यासारखं विचारलं. हा त्यांचा पहिला प्रश्न.

गमबूट त्यांचेच, माझ्या पायांपेक्षा दोन नंबर मोठे. पुढे त्यांनी छत्रीही आणून दिली, वर एक पोहायचं रबरी कडं. कडं बायकोने नम्रपणे परत केलं.

ठरल्या दिवशी सकाळी बायको आणि मी साहेबांना घ्यायला गेलो. त्यांची पांढरी पॅन्ट, पांढरे कॅनव्हासचे बूट, डोक्यावर टोपी, खिशात घडी केलेली शीट सत्तेचाळीस. माझ्या खांद्यावर दोर, पाठीवर खुर्ची, काखेत छत्री, गळ्यात शिट्टी. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुणाला पकडायला निघालायस?" त्यांनी विचारलं. मग बायकोकडे वळून म्हणाले, "सूनबाई, तू माझ्याबरोबर चाल. याच्या सामानाचा आवाज होतो, पाखरं उडतील."

आता खरं सांगायचं तर त्या सकाळबद्दल तक्रार करायला माझ्याजवळ शब्द नाहीत, आणि कौतुक करायलाही थोडेच आहेत. पाणी ओसरत होतं. ओला काठ आरशासारखा चकाकत होता आणि त्यावर पाखरांच्या पायांची नक्षी उमटली होती, इतकी बारीक की माझ्या हाताला कधी जमली नसती. लांब लाल पायांचे शेकाटे आपल्याच सावलीला टोचत उभे होते. लव्हाळ्यांतून वारा जायचा तेव्हा आधी लांबवर एक कुजबुज उठायची, मग ती जवळ यायची, आपल्या अंगावरून जायची आणि पलीकडे कुणाला तरी तीच गोष्ट सांगायला निघून जायची. पाणकणसांची तपकिरी बोंडं डुलत होती. खंड्या पक्षी निळ्या रेघेसारखा सुटला. ती रेघ कुणीही मारावी अशी नव्हती, आणि खरवडायची तर गरजच नव्हती. मी हे सगळं दीड महिना आडव्या रेघांनी काढलं होतं आणि यातलं काहीही मला माहीत नव्हतं.

काठावरचा रुंद बांध संपला. इथून पुढे शीटवर माझी तुटक रेघ सुरू होत होती. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी घसा खाकरला.

"साहेब, एक बोलायचं होतं..."

"थांब. तो बघ, करडा बगळा. खुर्ची टाक."

मी बांधावरून खाली उतरून खुर्ची टाकली. साहेब बसले आणि बगळ्याविषयी बोलू लागले. किती वेळ तो एका पायावर उभा राहतो, मान कशी आखडून घेतो, धीर म्हणजे काय ते याच्याकडून शिकावं. बोलता बोलता मला जाणवलं की साहेब ठेंगणे होत चालले आहेत. खुर्चीचे चारही पाय सावकाश, अगदी अदबीने, चिखलात उतरत होते. साहेबांना पत्ताच नव्हता. त्यांचे गुडघे छातीला लागले तेव्हा ते म्हणाले, "बगळा उंच झाला की काय रे?"

मी धावलो. धावताना डावा गमबूट जागेवरच राहिला आणि मी पुढे गेलो. मोज्यासकट पाय चिखलात. गळ्यातली शिट्टी मी नकळत तोंडात धरली होती, ती आपोआप वाजली आणि बगळा रागाने उडून गेला. बायकोने साहेबांना हात देऊन उठवलं, खुर्ची उपटली, माझ्याकडे बघितलं आणि तिला राहवलं नाही.

"लव्हाळं पुसे पाण्याला, कोण गं पाहुणा आला,
एक बूट पायात त्याच्या, एक चिखलाला दिला."

साहेब इतके हसले की त्यांना टोपी काढावी लागली. माझ्या मानाचं म्हणाल तर तो त्या बुटातच राहिला. दोन्ही अजून तिथेच आहेत.

"आता सांगतो," मी मनाशी म्हटलं. एका पायात बूट, एका पायात चिखल, यापेक्षा आणखी काय गमावणार होतो? पण वळून बघतो तर साहेब पुढे निघालेले. लव्हाळ्यांत शिरलेले. चिखलात नव्हे. त्यांच्या पांढऱ्या बुटांखाली वाट होती.

मी डोळे चोळले. हातभर रुंदीची, लव्हाळ्यांच्या जुड्या आडव्या घालून, वर विटांचे तुकडे ठोकून केलेली, वापराने गुळगुळीत झालेली पायवाट. शीटवर जिथे वळत होती तिथेच वळत होती. आणि वळणावर, सगळ्या सपाट दलदलीत, थोड्या भरावावर उभं होतं एक झाड. एकटं.

मी देवाला मानत नाही, पण त्या क्षणी त्याच्याकडे अर्ज करायच्या तयारीत होतो.

झाडाखाली एक बाई कापलेल्या लव्हाळ्यांची जुडी बांधत बसली होती. पलीकडच्या वस्तीतले लोक चटया विणतात, त्यांतली. वयाने साठीची असेल. तिने साहेबांना सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि माझ्या पायाकडे बघून म्हणाली, "दादा, तुम्ही बांधावरून खाली कशाला उतरलात? वाट सोडून कुणी चालतं का?"

"वाट कधीपासून आहे ही?" मी विचारलं.

"माझं लग्न झालं तेव्हा नव्हती." तिने जुडीला गाठ मारली. "मग शहरातून माणसं यायला लागली, हातात कागद घेऊन. कागदात वाट आहे म्हणायची. आम्ही सांगायचो, बाबांनो, नाही. ती म्हणायची, सरकारी कागद आहे, तुम्हाला काय कळतं? आणि शिरायची आत. मग ओरडायची. मग आमची माणसं कामं टाकून जायची, ओढून काढायची. आठवड्याला एक ठरलेला. एकदा तर एका बँकेच्या साहेबाला चटईवर घालून आणलाय. शेवटी माझे सासरे कावले. म्हणाले, हे लोक काही कागद सोडत नाहीत, आपणच वाट घालू. दोन हिवाळे सगळी वस्ती राबली. पडक्या भिंतींच्या विटा वाहिल्या डोक्यावरून."

"आणि झाड?" मी वर फांद्यांकडे बघत विचारलं.

"तेही कागदात होतं ना! लोक यायचे आणि झाड शोधत फिरायचे. सासरे म्हणाले, लावून टाका एकदाचं." ती हसली. "आता शाळेची पोरं याच वाटेने जातात. आधी वळसा घालून दीड तास लागायचा. पण आजोबा, कुणा मेल्याने ती रेघ मारली होती कोण जाणे. सासरे मरेपर्यंत म्हणायचे, एकदा भेटायला पाहिजे तो माणूस."

"भेटून काय करणार होते?" बायकोने विचारलं. मी तिच्याकडे बघणं टाळलं.

"ते सकाळ कशी उजाडली त्यावर होतं. कधी म्हणायचे पाया पडेन, कधी म्हणायचे चिखलात बुडवेन."

साहेब एव्हाना उठले होते. ते झाडाच्या बुंध्यावर तळहात ठेवून उभे होते.

मग आम्ही पुढे चाललो. ठाण्याच्या कमानी आल्या: तीन उभ्या, एक गुडघ्यावर आलेली. त्यांच्यातून खाडी अशी दिसत होती, जणू कुणी पाण्याला चौकटी घालून ठेवल्या आहेत. अर्ध्या बुरुजावर पिंपळासारखं काहीतरी उगवलं होतं आणि फटीफटीतून पाखरांची ये-जा चालू होती. किती वर्षं इथे शिपाई उभे राहिले असतील, येणाऱ्या-जाणाऱ्या होड्या अडवत. आता वारा कुणालाही न विचारता आत-बाहेर करत होता. दगड उन्हाने कोमट झाले होते. बायको वर बघत स्वतःशीच म्हणाली,

"भिंतीचं गेलं छप्पर, आभाळ आलं वस्तीला,
पाखरानं केलं घरटं, जीव आला मातीला."

मग ती माझ्याकडे वळली. "मी त्या बुरुजाकडे जाऊन येते," ती म्हणाली. "तुमचं होईपर्यंत."

साहेब पडक्या भिंतीवर बसले. मी समोर उभा राहिलो, बरोबर तसाच, जसा पस्तीस वर्षांपूर्वी त्यांच्या टेबलासमोर उभा राहायचो. फक्त एक पाय चिखलाचा.

"साहेब, ती रेघ मारणारा मेला मी आहे."

त्यांनी मान वर केली नाही.

"इथे वाट नव्हती. मी पेन दौतीवर तसंच ठेवून चहाला गेलो. ते गळलं. खरवडायची हिंमत झाली नाही, म्हणून शिंतोड्यांची वाट केली आणि थेंबाचं झाड. तुमच्यापासून लपवलं. तुम्ही माझ्या रेघेवरून डोळे मिटून चालेन म्हणालात, आणि मी ते घरोघर सांगत फिरलो. त्या बाईंच्या सासऱ्यांना चिखलातून माणसं ओढावी लागली, ती माझ्यामुळे. इतकी वर्षं सांगायचं होतं. माफ करा."

सांगून झालं. आकाश पडलं नाही. एक टिटवी ओरडली आणि गप्प झाली. साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मला वाटलं, आता कागद उजेडासमोर धरणार. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्या नजरेत मी नव्हतोच. दुसरंच कुणीतरी होतं, माझ्यापेक्षाही घाबरलेलं.

"बस," ते म्हणाले. "अरे, बस जरा."

मी त्यांच्याशेजारी भिंतीवर टेकलो.

"तुझं पेन गळलं नव्हतं."

मला कळेना.

"अधिकारी झालो त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षं फक्त सह्या. तुम्ही पोरं काढायचात आणि मी बोटं फिरवायचो. त्या दिवशी हॉल रिकामा होता. तुझा कागद पाहिला आणि... काय सांगू तुला, इतका सुंदर होता. फक्त उत्तरेचा बाण राहिला होता. म्हटलं, एवढं एक टोक आपण काढावं. कुणाला कळणार नाही. पेन उचललं. हाताची सवय गेलेली. थेंब पडला तसा दचकून हात मागे घेतला, त्याचे ते शिंतोडे."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, त्यांनी हाताने थांबवलं.

"संध्याकाळी तू कागद आणलास. थेंबाचं झाड झालेलं. असं काम मी जन्मात पाहिलं नव्हतं. समारंभात बोललो ते मनापासूनच बोललो. पण आधीचं बोलायचं राहिलं. म्हणून फोन केला तुला. म्हटलं वाटेत सांगू. ते झाड समोर आलं आणि धीर गेला. आत्तासुद्धा तू आधी बोललास, लाजवलंस मला."

"साहेब, जाऊ द्या आता..."

"नाही, ऐक. पेन मी परत दौतीवर ठेवलं, होतं तसंच. केबिनमध्ये गेलो. दाराच्या काचेतून बघत होतो. तू चहा पिऊन आलास, कागद पाहिलास आणि डोक्याला दोन्ही हात लावून उभा राहिलास. चोवीस वर्षांचं पोर. मला बाहेर यायचं होतं रे. दोन पावलं आलोही." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "आणि मग मी आतून कडी लावून घेतली."